प्रक्रिया गावात राहिली, तरच पैसा गावात राहील

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नैसर्गिक आणि सेंद्रिय उत्पादनांची मागणी वाढल्याने ग्रामीण कुटुंबांना उपजीविकेचा नवा आधार मिळेल, असे सातत्याने म्हटले जाते. ही आशा खोटी नाही. परंतु मागणी वाढली की गावाचे उत्पन्नही आपोआप वाढते, असे जे गृहीत धरले जाते ते मला मान्य नाही. गावाच्या पदरात काय पडते, हे मालाच्या भावापेक्षा त्यावरची प्रक्रिया कोठे होते आणि त्याच्या शुद्धतेची हमी कोण देते, यावर अधिक ठरते.

मोरोक्कोतील अर्गान या झाडाच्या फळांतील दाण्यांपासून काढल्या जाणाऱ्या तेलाचा अनुभव या बाबतीत अभ्यासण्याजोगा आहे. ज्या नैर्ऋत्य पट्ट्यात ही झाडे प्रामुख्याने वाढतात, त्याला युनेस्कोने 1998 मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. फळे वाळवायची, वरचा वाळलेला गर काढायचा, कठीण आठळी दगडावर ठेवून आतला दाणा चिरडणार नाही अशा बेताने ठोकून फोडायची, मग दाणे जात्यावर दळून आणि पाणी घालत मळून तेल सोडवायचे, हे सारे काम तेथील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. एक लिटर तेलासाठी सुमारे 30 किलो फळे लागतात, यावरून त्या कष्टांची कल्पना यावी. 1990 च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ झुबिदा शर्रूफ यांच्या पुढाकाराने या स्त्रियांच्या सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या आणि घरकामातच जमा होणाऱ्या या श्रमाचा मोबदला प्रथमच त्यांच्या स्वतःच्या हाती येऊ लागला.

पुढे सौंदर्यप्रसाधनांच्या जागतिक बाजारात या तेलाला मोठी मागणी आली, तेव्हा मात्र चित्र बदलले. मोठे खरेदीदार दलालांमार्फत फळे आणि दाणे उचलून शहरातील यंत्रांवर तेल काढू लागले. आठळी फोडण्याचे काम यंत्राला नीट साधत नसल्याने तेवढे बायकांकडेच राहिले. म्हणजे सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत कमी मोबदल्याचा टप्पा गावात उरला आणि नफ्याचा टप्पा बाहेर गेला. भाव चढल्याने काही कुटुंबांना निश्चितच लाभ झाला, मुलींचे शिक्षण पुढे चालू राहण्यासही मदत झाली. पण फांद्या झोडपून घाईने फळे पाडण्याचे प्रकार वाढले आणि ज्या झाडावर हे सारे अवलंबून, त्यालाच इजा होऊ लागली.

म्हणूनच ग्रामीण उत्पादकांना मदत करताना प्रदर्शने आणि आकर्षक वेष्टने यांवर जो भर दिला जातो, तो मला अपुरा वाटतो. उदाहरणार्थ, औषधी वनस्पतींचा ओला पाला नाशवंत असतो. ढिगात पडून राहिला की तो तापतो आणि काळा पडतो, त्यामुळे गोळा करणाऱ्याला समोरचा व्यापारी सांगेल त्या भावाला तो द्यावा लागतो. तोच पाला सावलीत, हवा खेळेल अशा जाळीवर पातळ पसरून नीट वाळवला, तर बुरशीचे भय उरत नाही, रंग आणि वास टिकतो, आणि योग्य भाव येईपर्यंत थांबता येते. वाळवणीची शेड, ओलावा मोजण्याचे साधन, विश्वासाचा वजनकाटा आणि कोरडे गोदाम, एवढ्याच गोष्टी गावाच्या मालकीच्या असल्या तरी सौदा बरोबरीने होऊ शकतो.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे वळताना युरोपीय नियमांनुसार हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वीची किमान 2 वर्षे, तर बहुवर्षायू पिकांसाठी काढणीपूर्वीची किमान 3 वर्षे संक्रमणाची धरली जातात. या काळात उत्पादन बहुधा घटते आणि माल मात्र सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. तपासणीचा खर्च एकट्या लहान शेतकऱ्याला झेपत नाही, म्हणून शेतकऱ्यांच्या गटाला मिळून एकच प्रमाणपत्र देण्याची, म्हणजे सामूहिक प्रमाणीकरणाची वाट निघाली. परंतु 2022 पासून लागू झालेल्या 2018/848 या युरोपीय नियमावलीने अशा गटाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्वाची अट आणि कमाल 2000 सदस्यांची मर्यादा घातली आहे. नियमांत शिस्त असावी, याबद्दल दुमत नाही. ग्राहकाची फसवणूक झाली, तर पहिला फटका प्रामाणिक उत्पादकालाच बसतो. मात्र कागदपत्रांचा सगळा भार साखळीतील सर्वांत दुबळ्या घटकाने उचलावा, हे न्याय्य नाही.

जवळच्या बाजारपेठेसाठी सहभागी हमी पद्धत हा त्यावरील चांगला पर्याय आहे. यात शेजारचे शेतकरी आणि ग्राहक एकत्रितपणे शेताची पाहणी करतात व हमी देतात. सेंद्रिय चळवळींच्या ‘आयफोम’ या 1972 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय महासंघानेही ती उचलून धरली आहे. निर्यातीत ती सहसा ग्राह्य धरली जात नाही, ही तिची मर्यादा खरी. पण प्रत्येक गावाने निर्यातीच्याच मागे का लागावे?

शेवटी, खरेदीदार कंपन्यांकडे माझी एक स्पष्ट मागणी आहे. त्यांनी हंगामापुरती खरेदी न करता अनेक वर्षांचे करार करावेत, काही रक्कम आगाऊ द्यावी, संक्रमणाच्या वर्षांतील मालालाही वाढीव दर द्यावा आणि उत्पादनावर गावाचे नाव छापताना त्या गावाला किमतीतील किती वाटा मिळाला, हेही तेथेच छापावे.

आपला विश्वासू,
एक वाचक