रंगवलेल्या बाइट्सबद्दल, मनापासून

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार चारचौघांत मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

२०२३ मध्ये लिनक्स ६.५ (संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीची नवी आवृत्ती) आलं आणि माझ्या जुन्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) नेटवर्क शोधणाऱ्या प्रत्येक स्कॅनला लॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) ओरडू लागला: अ‍ॅरेच्या (एकापाठोपाठ ठेवलेल्या घटकांच्या रांगेच्या) हद्दीबाहेर वाचन. स्ट्रक्चरच्या (डेटाच्या साच्याच्या) शेवटी एकाच घटकाचा अ‍ॅरे जाहीर करायचा आणि प्रत्यक्षात त्यात हवा तेवढा डेटा भरायचा, ही जुनी पद्धत लिनक्स आता कंपायलरच्या (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या) कडक तपासणीमुळे चालवून घेत नाही. ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणी म्हणालं, "वॉर्निंगच आहे, बंद कर." कुणी म्हणालं, "नवीन कार्ड घे." फर्मवेअरचा (कार्डातच बसवलेल्या प्रोग्रामचा) मेसेज उघडून बघायची तसदी एकानेही घेतली नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही तो उघडलात. मी पाठवलेला हेक्स डंप (त्या मेसेजचे बाइट्स आकड्यांत मांडलेले) तुम्ही बाइट-बाइट रंगवून परत पाठवलात. नोंदींची मोजणी निळी, प्रत्येक नोंदीची लांबी लाल, आणि एका जागी आडवी रेघ मारून शेजारी लिहिलंत: "फर्मवेअरचं इथे संपलं. पुढचं आपलं नाही."

ती रेघ पाहिली आणि सगळं उलगडलं. राउटरागणिक बीकनमधले (राउटर सतत पाठवतो त्या ओळख-संदेशातले) घटक वेगळे: एक बाइट ओळख, एक बाइट लांबी, मग २५५ बाइटपर्यंत मजकूर. त्यामुळे स्कॅनच्या निकालात दोन नोंदी सारख्या लांबीच्या असतीलच असं नाही. आधी हेडर (नोंदीचा सुरुवातीचा भाग) उरलेल्या बफरमध्ये (मेसेज ठेवलेल्या मेमरीत) मावतं का बघायचं, मगच लांबीचा आकडा वाचायचा, तोही उरलेल्या जागेशी ताडायचा आणि मगच पुढच्या नोंदीकडे जायचं. आमच्या ड्रायव्हरमध्ये यातली एकही तपासणी नव्हती. म्हणजे वॉर्निंग बंद केली असती, तर फर्मवेअरने चुकीची लांबी सांगितल्यावर ड्रायव्हर खुशाल पुढची मेमरी वाचत सुटला असता!

शेवटचा अ‍ॅरे फ्लेक्सिबल (लांबी आधी न ठरवलेला) केला की 'साइझऑफ' (स्ट्रक्चरचं मोजलेलं माप) एका घटकाने कमी भरतं आणि फर्मवेअरला जाणारी कमांड तोकडी पडू शकते, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत.

तुम्हाला यातून काय मिळणार होतं? कार्ड तुमचं नव्हतं, ओळखही नव्हती. तरी अनोळखी माणसासाठी तुम्ही एवढे बाइट रंगवत बसलात. अशी माणसं आहेत म्हणून जुनी यंत्रं आणि ती वापरणारे आम्ही अजून टिकून आहोत.

पॅच (दुरुस्तीचा कोड) स्वीकारला गेला आहे. लॉग स्वच्छ आहे.

तुमचा ऋणी.