तो हमिंगबर्ड नव्हे, आपला शिंजीर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात वाचकांनी पाठवलेल्या छायाचित्रांमध्ये जास्वंदीच्या फुलावर ओणवा होऊन मध चोखणाऱ्या एका इवल्या पक्ष्याचे सुरेख छायाचित्र आपण छापले आहे. त्याखाली मात्र ‘आमच्या परसातील हमिंगबर्ड’ अशी ओळ आहे, आणि केवळ त्या एका शब्दासाठी हा पत्रप्रपंच.

हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर व दक्षिण अमेरिकेत व भोवतालच्या बेटांवरच आढळतात. गोव्यातच काय, आशियात कुठेही हा पक्षी रानात दिसत नाही. आपल्या छायाचित्रातला पक्षी जांभळा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी असून, पिवळसर गळ्यापासून पोटापर्यंत उतरलेली काळी पट्टी पाहता तो विणीच्या हंगामाबाहेरचा नर आहे. लांब चोच आणि मधाची आवड यांमुळे दोघांत साम्य भासते खरे, पण हमिंगबर्डचे जवळचे नातलग पाकोळी पक्षी, तर शिंजीर चिमणी-कावळ्याच्या गणातला.

नावाची चूक एवढी मनावर का घ्यावी, असे कोणी विचारील. अनुभव असा की, नावामागोमाग तिकडची कृतीही येते. अमेरिकेत घरामागे साखरपाण्याचे भांडे टांगून हमिंगबर्डची छायाचित्रे काढण्याची जुनी हौस आहे. तेथील जाणकार चार भाग पाण्यात एक भाग साधी साखर घालतात, रंग किंवा मध घालत नाहीत आणि उन्हाळ्यात दर एक-दोन दिवसांनी भांडे धुतात. आमच्या भाच्याने तसेच एक लाल भांडे ऑनलाइन मागवून व्हरांड्यात टांगले. आठवडाभरात शिंजीर एकदाही फिरकला नाही, मुंग्यांची मात्र रांग लागली, आणि आपल्या दमट हवेत नळीच्या तोंडाशी काळी बुरशी धरली. ते पाणी एखादा पक्षी प्यायला असता तर त्याच्या घशात काय गेले असते, हे सांगायला नको.

छायाचित्रणाचेही तसेच. हमिंगबर्ड फुलासमोर हवेत स्थिर राहून मध पितो आणि माणकासारख्या लाल गळ्याच्या त्याच्या एका परिचित जातीचे पंख सेकंदाला सुमारे पन्नास वेळा हलतात. म्हणून १/२००० सेकंदाच्या शटरलाही पंख पुसटच येतात आणि तेथील छायाचित्रकार कमी शक्तीवर चालवलेल्या तीन-चार फ्लॅशच्या अतिसूक्ष्म लखलखाटात ते गोठवतात. शिंजीर क्वचित क्षणभर तरंगतो, पण बहुतेक वेळा देठावर बसूनच चोच खुपसतो, आणि कधीकधी तर फुलाच्या बुडाशी भोक पाडून सरळ मध पळवतो. त्याच्यासाठी फ्लॅशची गरजच नाही. सकाळी आठच्या आत, सूर्य आपल्या पाठीशी ठेवून, फुललेल्या एका फांदीवर आधीच फोकस धरून गप्प बसावे. सूर्य पाठीशी हवा, कारण नराच्या अंगावरची जांभळी-निळी झळाळी रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाची आहे. कोन चुकला की तोच पक्षी कोळशासारखा काळा येतो. माझी पहिली चाळीसेक छायाचित्रे अशीच वाया गेली.

दुसरी अडचण घरचीच. पहाटेच देवपूजेसाठी परडी भरून जास्वंद खुडली जाते आणि आठ वाजता झाडावर फक्त पाने उरतात. शेवटी घरात रदबदली करून कुंपणाकडच्या दोन फांद्या शिंजिरांसाठी राखून घेतल्या आहेत. ज्यांच्याकडे जास्वंद नाही त्यांनी आंब्यावरच्या बांडगुळाखाली उभे राहून पाहावे. बागायतदाराला ते नकोसे असले तरी त्याच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर हमखास येतात. कुळागरांच्या, म्हणजे पोफळीच्या बागांच्या भागात केळफुलाजवळही निराशा होत नाही.

संध्याकाळी फुलांसमोर गुंजारव करत तरंगणारा जीव दिसला, तर तो हमिंगबर्ड आहे असे छातीठोकपणे सांगणारेही मला भेटले आहेत. नीट पाहिल्यास त्याला चोचीऐवजी गुंडाळता येणारी सोंड आणि डोक्यावर दोन मिशा दिसतील. तो हॉक मॉथ नावाचा पतंग.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगावीशी वाटते. शिंजीर व्हरांड्यातल्या तारेवर किंवा कुंडीतल्या वेलीवर कोळ्याच्या जाळ्याने विणलेले लोंबते घरटे बांधतो. चांगल्या चित्रासाठी त्याच्याभोवतीची पाने छाटली, की घरटे कावळ्याच्या नजरेत येते. अशी पाने कापून काढलेली छायाचित्रे, ती कितीही स्पष्ट असली तरी, आपण छापू नयेत, आणि यापुढे पक्ष्यांच्या चित्राखाली मराठी नावाबरोबर गाव व महिना द्यावा, ही विनंती. विणीचा रंग नरावर कधी चढतो आणि कधी उतरतो, याची गोव्यापुरती नोंद त्यातून आपोआप जमत जाईल.

आपला,
एक नियमित वाचक,
फोंडा, गोवा