भांडुपच्या बांधावर भेटलेल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. त्या सकाळी विचारायचं सुचलंच नाही, घरी आल्यावर स्वतःवरच चिडले. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. भांडुप पंपिंग स्टेशनला पक्षी बघायला जाणाऱ्यांपैकी कुणीतरी वाचेल आणि तुमच्या कानावर घालेल. खूण एवढीच सांगते: डोक्यावर विटकी हिरवी टोपी, हातात निकॉनचा डी-५०० कॅमेरा, त्यावर २००-५०० मिमीची लांब लेन्स (आकडा जितका मोठा, तितका लांबचा पक्षी मोठा दिसतो) आणि त्या लेन्सच्या पायाला गुंडाळलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा.

जानेवारीतला रविवार होता. पाण्यातल्या एका वाळक्या काठीवर छोटा खंड्या येऊन बसत होता आणि मी माझ्या जुन्या कॅननवर ५५-२५०ची लेन्स लावून त्याच्यामागे लागले होते. तुम्ही शेजारी येऊन विचारलंत, "काय मिळालं?" मी स्क्रीन दाखवली. त्यात काठी होती, पाणी होतं आणि मधोमध एक निळा ठिपका. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "बसायची काठी बरोबर ओळखलीत. तो परत तिथंच येणार." गेल्या वर्षभरात माझ्या एखाद्या फोटोबद्दल कुणी काही बरं बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं.

ते वर्ष कसं गेलं ते तुम्हाला त्या दिवशी नीट सांगता आलं नाही, आज सांगते. मी मुलुंडची, शाळेत शिकवते, वय ५४. लांब लेन्स घ्यायची म्हणून तीन वर्षं पैसे बाजूला ठेवले. शहाणपण म्हणून आधी जुनी वस्तू बघितली. एका गृहस्थांनी १००-४०० विकायला काढली होती, "एकदम कपाटातली आहे, मॅडम." कपाटातलीच होती. पावसाळ्याची दमट हवा खात खात आत बुरशी धरली होती. ३८ हजार मोजून घरी आणली, तेव्हा मला ती दिसलीही नाही. महिन्याभराने कुणीतरी टॉर्च मारून दाखवलं, तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. फोन केला तर उचलेनात. मग पक्षीवाल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, "सल्ला द्याल का?" उत्तर आलं, "६००च्या खाली पक्षी होत नाहीत. बजेट नसेल तर दुर्बीण घ्या." त्यावर आठ जणांचे अंगठे.

आणि मग ते दुकान. फोर्टातलं, मोठं, काचेचं. भाच्याला सोबत नेलं होतं, पिशव्या धरायला. दुकानातला मुलगा बोलला सगळं भाच्याशी. पैसे माझे, हौस माझी, आणि फुल फ्रेम म्हणजे काय (मोठा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी मोठी चिप) हे मला सोडून शेजारच्याला समजावणं चाललेलं. शेवटी मीच म्हटलं, मला हातात देऊन बघू का. त्याने १५०-६०० कॅमेऱ्याच्या बॉडीवर चढवली आणि माझ्यापुढे धरली. काका, त्या मुलाचा हात लेन्सच्या खालून हललाच नाही. मी डोळा लावला, फिरले, रस्त्यापलीकडच्या गच्चीवरचं कबूतर शोधलं, तरी त्याचा तळवा खालीच. वर भाच्याला म्हणतोय, "मॅडमना जड जाईल, तुम्हीच उचला." मी लेन्स परत दिली आणि सीएसएमटीपर्यंत एक शब्द बोलले नाही.

आता बांधावरचं. तुम्ही तुमचा कॅमेरा गळ्यातून काढलात, पट्टा माझ्या गळ्यात घातलात, पट्ट्याची बकल दोन खाचा आत घेतलीत आणि हात सोडलात. नुसता सोडला नाहीत, पाठ फिरवलीत. "दहा मिनिटं वापरा. मी तिकडे चहा घेतो," म्हणून पिशवीतला थर्मास काढून बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, खाडीकडे तोंड करून बसलात. एकदाही मागे वळून बघितलं नाहीत. लाखांतली वस्तू एका अनोळखी बाईच्या गळ्यात, खाली दोन फुटांवर पाणी, आणि तुम्ही पाठमोरे चहा पिताय.

ते दृश्य माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. तुम्ही नंतर जे शिकवलंत ते सोन्यासारखं होतं, पण ते कदाचित मला आणखी कुठूनही मिळालं असतं. ती पाठ मिळाली नसती.

पहिली चार मिनिटं मी राणी होते. खंड्याची चोच दिसली, चोचीचा खालचा नारिंगी भाग दिसला, म्हणजे मादी हे तेव्हा कळलं. पलीकडे शेकाट्यांचे लाल पाय, गवताच्या काडीवर बसलेला गप्पीदास. पाचव्या मिनिटाला चौकट हलायला लागली. सहाव्या मिनिटाला डाव्या खांद्यातून अशी कळ गेली की मी कॅमेरा छातीशी घट्ट धरून खालीच बसले. दोन वर्षांपूर्वी माझा डावा खांदा धरला होता, फ्रोझन शोल्डर. लेन्सचा सगळा भार डाव्या हातावरच येतो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुकानात तर मुळीच नाही, त्या मुलाचं म्हणणं खरं ठरलं असतं ना!

आणि खरंच होतं ते. दुकानातला मुलगाही हेच म्हणत होता, जड आहे. पण त्याने ते माझ्याबद्दल दुसऱ्याला सांगितलं. तुम्ही ते माझं मला कळू दिलंत, एकटीला, कुणी बघत नसताना.

बरोबर दहा मिनिटांनी परत आलात. माझ्या चेहऱ्यावरून समजलात आणि फक्त म्हणालात, "लेन्स २ किलो ३००, बॉडी धरून ३ किलोच्या वर जातं. माझाही खांदा आणखी दोन वर्षांनी नको म्हणेल. तुमच्या हाताला झेपेल ती लेन्स चांगली." मग माझ्या पाठीला आधार म्हणून स्वतःची पिशवी लावलीत आणि तिथंच चिखलात काडीने आकडे काढत बसलात.

तुम्ही कुठल्या कंपनीचा झेंडा घेऊन आला नव्हता. स्वतः निकॉनवाले असून म्हणालात, "तुमच्याकडे कॅननच्या लेन्स आहेत तर कॅननमध्येच राहा, अ‍ॅडॅप्टर लावून त्या नव्या बॉडीवर चालतील. घर बदललं की सगळी भांडी बदलावी लागतात." लहान सेन्सरच्या कॅननवर ४०० मिमीला ६४०च्या लेन्सइतकी चौकट मिळते, १.६ने गुणायचं, हे तुमच्या त्या काडीने मला पहिल्यांदा समजलं. मोठ्या सेन्सरचं कौतुक ऐकून ऐकून मला वाटायचं की लहान म्हणजे कमी प्रतीचा. हलकी लेन्स अंधारी असते, म्हणजे उजेड कमी आत घेते, हेही लपवलं नाहीत. "४००ला एफ ८ मिळेल, पहाटे आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवावी लागेल, फोटोत दाणा, म्हणजे बारीक ठिपके, येतील. दाणा चालतो, हललेला चालत नाही."

आणि मग ते, ज्याला पैसे लागत नाहीत. अंतर निम्मं करा, पक्षी दुप्पट मोठा दिसेल. ओहोटीला रोहित (फ्लेमिंगो) दूर चिखलात पांगलेले असतात, भरतीचं पाणी चढायला लागलं की ते मागे सरकत काठाशी येतात. म्हणून आधी भरतीचं वेळापत्रक बघा, मग घड्याळाचा गजर लावा. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरते, तेव्हा कितीही महाग लेन्स असली तरी पीस न् पीस विरघळतं, तेव्हा घरी जा. मला १५०-६०० आणायला निघालेल्या बाईला कुणी भरतीचं वेळापत्रक बघायला सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत मी कॅननचा आर-१० आणि आरएफ १००-४०० घेतली. लेन्स ६३५ ग्रॅम, बॉडी ४२९. दोन्ही मिळून तुमच्या लेन्सच्या निम्मंही वजन नाही. या वेळी दुसऱ्या दुकानात गेले, दादरला, एकटी गेले. काउंटरवरच्या ताईंनी लेन्स माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मला तुमची आठवण झाली. रात्री लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवते, टॉर्च मारून महिन्यातून एकदा आत बघते.

काका, माहिती असलेली माणसं या मुंबईत पैशाला पासरी आहेत. कॅमेऱ्याची, गाडीची, शेअर बाजाराची, डॉक्टरची. पण विचारणाऱ्याला लहान न करता देणारी किती? माझ्या वर्गात चाळीस मुलं आहेत. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक दाखवताना मी कायम मुलांच्या हातावर हात ठेवून उभी असायचे, फुटेल म्हणून. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा पहिल्याच तासाला मी तो टेबलावर ठेवला, स्लाइड लावली आणि खिडकीकडे जाऊन उभी राहिले. पाठीमागे आधी नुसती कुजबुज होती. मग कुणीतरी ओरडलं, "बाई, पेशी!" तेव्हाही मी लगेच वळले नाही.

त्या काठीवर खंड्या मला पुन्हा मिळाला, मार्चमध्ये, भरतीच्या वेळी. मादीच होती, चोचीत आडवा धरलेला मासा. थोडा दाणा आहे, पण हललेला नाही. हात अर्ध्या तासाने दुखला, खांदा दुखला नाही. आता पाऊस ओसरला की दर रविवारी येणार आहे, साडेसहाला, त्याच बांधावर. त्या फोटोची मोठी प्रत काढून पाकिटात ठेवली आहे, पिशवीत असते. मागे तारीख लिहिली आहे आणि "आदरणीय" एवढंच. पुढची जागा मोकळी ठेवली आहे, नाव तुम्ही सांगाल तेव्हा लिहीन.

तुमची नम्र,
मुलुंडची, जुन्या कॅननवाली