त्या ९५ आकड्यासाठी आभार

प्रिय ताई,

चार दिवस अडकलेली माझी सगळी ई-मेल पत्रं काल रात्री फेचमेलने (सर्व्हरवरची पत्रं आपल्या मशीनवर आणणाऱ्या प्रोग्रॅमने) एकामागून एक उतरवून घेतली. फोनवर घाईघाईत 'थँक्यू' म्हणालो खरा, पण तेवढ्याने मन भरलं नाही, म्हणून हे लिहितोय.

चार दिवस मी भलत्याच टोकाला झटत होतो. पासवर्ड बदलून झाला, मेल सर्व्हरचा पत्ता दहादा तपासून झाला. तुम्ही एवढंच विचारलंत, "पत्रं येत नाहीयेत, की आलेली कुणी घेत नाहीये?" मग फेचमेल सविस्तर संदेशांसह चालवायला लावलंत. मेल सर्व्हरच्या ९९५ पोर्टवर (पोर्ट म्हणजे जोडणीचं क्रमांक दिलेलं दार) लॉगिन व्यवस्थित होत होतं, पत्रांची संख्याही दिसत होती. अडत होतं ते माझ्याच मशीनच्या २५ पोर्टवर. तिथे फेचमेलकडून पत्र घ्यायला पोस्टफिक्स हा मशीनवरचा टपाल सांभाळणारा प्रोग्रॅम हवा, आणि तो सुरूच झाला नव्हता.

पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, 'अवैध अक्षर ९५' अशा अर्थाची ओळ होती. ती मी आधीही वाचली होती, पण ९९५ पोर्टचंच काहीतरी असणार असं धरून पुढे गेलो होतो. तुम्ही लगेच म्हणालात, "अरे, तो पोर्ट नाही, अक्षराचा आस्की क्रमांक आहे, संगणकात प्रत्येक अक्षराला असतो तो. ९५ म्हणजे अंडरस्कोर (_). मशीनचं नाव काय ठेवलंयस?"

नाव मी आदल्याच आठवड्यात बदललं होतं, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर घालून. होस्टनेमच्या, म्हणजे मशीनच्या नावाच्या, प्रत्येक भागात अक्षरं, अंक आणि हायफन एवढंच चालतं, आणि पोस्टफिक्स याबाबत कडक आहे, हे मला कुठे ठाऊक होतं! अंडरस्कोरच्या जागी हायफन आला आणि पोस्टफिक्स उठला. नावं आणि पत्ते जोडणाऱ्या होस्ट्स फाइलमध्ये १२७.०.१.१ या मशीनच्या स्वतःच्या पत्त्यासमोर जुनंच नाव राहिलं होतं, तेही तुम्हीच दाखवलंत. दर वेळी सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय) वापरताना येणारी तक्रार तिथेच थांबली.

पण खरे आभार आहेत ते तुम्ही मला थांबवलंत त्याबद्दल. खातं पुसून नव्याने जोडायच्या बेतात होतो मी. तुम्ही म्हणालात, "काही पुसू नकोस. पत्र ताब्यात घेतल्याची पोच मिळेपर्यंत फेचमेल सर्व्हरवरून ते काढत नाही. सगळं जागच्या जागी आहे." त्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपलो.

आज सकाळी मुद्दाम मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. इनबॉक्समध्ये सगळ्यात वर तुमचंच पत्र होतं, 'आलं का?' एवढंच विचारणारं.

आलं, ताई.

तुमचा,
हायफनवाला धाकटा भाऊ