तपकीर गल्लीतल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे ठाऊक आहे. पण बुधवार पेठेत ज्यांनी तुमच्याकडून एखादा अँप्लिफायर दुरुस्त करून घेतलाय, ते चार ओळींत ओळखतील.

गेल्या पावसाळ्यात मी होम थिएटरचा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा, अँप पोटात असलेला डबा) आणि ज्यातून संवाद येतात तो मधला स्पीकर रिक्षात घालून तुमच्याकडे आलो होतो. घाईत तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं, ते आज सांगतो. बाबांना पक्षाघात झाल्यापासून घराबाहेर पडता येत नाही. उभं आयुष्य नाटकं बघण्यात घालवलेला हा माणूस. ऐकायलाही कमी येऊ लागलं, तसं ‘टीव्हीवरचे लोक नुसते पुटपुटतात’ म्हणत त्यांनी टीव्हीकडे पाठ फिरवली. त्यांच्यासाठी म्हणून मी होम थिएटर घेतलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट लिहिलं होतं. मला तेवढंच कळत होतं.

संवाद कळेना म्हणून बाबा म्हणायचे, ‘वाढव.’ मी वाढवायचो, आवाज फाटायचा, संवाद आणखीच कळेनासे व्हायचे. एका संध्याकाळी मधल्या स्पीकरमधून ‘स’ आणि ‘श’ नाहीसेच झाले. ‘शांता’ची ‘आंता’ झाली. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे बारीक सूर काढणारा छोटा भाग, गेला होता. जिथून घेतलं तिथे सांगितलं गेलं, ‘स्पीकरला वॅट झेपले नाहीत, आवाज कमी ठेवत जा.’

तुम्ही ट्वीटर उघडलात, चिमट्याने कॉइल वर काढलीत आणि माझ्या तळहातावर ठेवलीत. केसाएवढी तार, एका बाजूने काळी पडून सुटलेली. म्हणालात, ‘वॅट जास्त झाले नाहीत. कमी पडले.’

मला ते खरं वाटेना. मग तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून रिसीव्हर लोडवर, म्हणजे स्पीकरच्या जागी जोडायच्या रोधावर लावलात, लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप जोडलात आणि आवाजाचं बटण हळूहळू फिरवलंत. पडद्यावरची गोलसर लाट वाढत गेली आणि एका क्षणी तिचे माथे कापल्यासारखे सपाट झाले. तुम्ही त्या सपाट तुकड्यावर बोट ठेवलंत. अँपच्या पोटात जेवढं व्होल्टेज आहे त्याच्या वर तो जाऊ शकत नाही. आपण आणखी मागितलं की तो लाटेचा माथाच छाटतो. त्या छाटलेल्या कडांमधून नको तेवढे वरचे सूर तयार होतात, स्पीकरमधला सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर ते इमानेइतबारे ट्वीटरकडे पाठवतो आणि काही मोजक्या वॅटसाठी घडवलेली ती बारीक तार तापून जाते. लहान अँप म्हणजे स्पीकरला धोका नाही, अशी माझी समजूत होती. दम लागलेला लहान अँपच ट्वीटर जाळतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मग बिलाच्या पाठीवर तुम्ही जे गणित मांडलंत, तो कागद मी जपून ठेवलाय. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८४ डेसिबल, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८४ डेसिबल इतका आवाज. आमचा सोफा साडेतीन मीटरवर. अंतरामुळे ११ जातात, खोलीच्या भिंती थोडं परत देतात, म्हणून ९ वजा धरले. सोफ्यावर राहिले ७५. नेहमीचं बोलणं १ वॅटमध्ये भागतं! पण सिनेमात दार आपटलं, ताशा कडाडला, की क्षणभर आवाज २० डेसिबलनी वर उसळतो. दर १० डेसिबलला वॅट दहापट. म्हणजे १०० वॅट, आणि तेही एका स्पीकरला. आमचा ५०० चा आकडा पाच चॅनेलचे वेगवेगळे मोजलेले वॅट एकत्र करून, तेही १० टक्के विकृती चालवून घेऊन छापलेला. रिसीव्हरच्या पाठीवरच्या पट्टीवर विजेचा वापर २४० वॅट. क्षणभराच्या उसळीला वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर हात देतात, पण पाचही स्पीकरना सतत तेवढं द्यायला वीज यायची कुठून, हे तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी खिशात पैसे घेऊनच आलो होतो. तुमच्या मांडणीवर विकायला ठेवलेला एक दणदणीत पॉवर अँप मला दिसत होता. काका, त्या दिवशी तुम्ही तो विकू शकला असतात. मी हसत घेतला असता आणि घरी नेल्यावर रिसीव्हरला प्री-आऊट, म्हणजे बाहेरचा अँप जोडायची जागाच नाही हे कळून हबकलो असतो. तुम्ही म्हणालात, ‘दुप्पट वॅट घेतले तर ३ डेसिबल मिळतात फक्त. आधी आहे ते नीट लावून बघा.’

मल्टिमीटर लावून तुम्ही स्पीकर तपासलात. आकडा ६ च्या जवळ, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, मीटरवर तो थोडा कमीच दिसतो). तरी जोडणी करायला आलेल्या मुलाने मेनूत ४ ओहम करून ठेवलं होतं. त्याने रिसीव्हर तापत नाही खरा, पण द्यायला हात आखडता घेतो. ते बदललंत. पुढचे स्पीकर ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झच्या खालचं सगळं, म्हणजे खर्ज, त्यासाठीच असलेल्या सबवूफरकडे वळवायला सांगितलंत, कारण सबवूफरला स्वतःचा अँप असतो आणि सगळ्यात जास्त वॅट खर्जच खातो. मधला स्पीकर मी टीव्हीखालच्या कपाटात आत सरकवून ठेवला होता. तो कडेला ओढून, खाली लाकडी पाचर देऊन त्याचं तोंड बाबांच्या कानांकडे करायला लावलंत. या सगळ्याला एक पैसा लागला नाही. ट्वीटरचे मात्र रीतसर ४५० रुपये घेतलेत.

दोन महिन्यांनी मी पुढचे तिन्ही स्पीकर बदलले, तुम्ही सांगितलेत तसे, ९० डेसिबलचे. ६ डेसिबल जास्त, म्हणजे त्याच आवाजाला चौथाई वॅट. जिथे १०० लागत होते तिथे आता २५ पुरतात, आणि तेवढे आमचा जुना रिसीव्हर न धापा टाकता देतो. नवा अँप घेतलाच नाही. लोकांनी खोक्यावरचे वॅट वाचण्याआधी स्पीकरच्या मागचा डेसिबलचा आकडा वाचावा, असं मला आता मनापासून वाटतं. मी भेटेल त्याला ते सांगतो आणि सांगताना तुमचा कागद दाखवतो.

परवा रात्री बाबा जुन्या नाटकाचं चित्रीकरण बघत होते. नायिका पाठमोरी होऊन, अगदी हळू, एक वाक्य बोलते. मी स्वयंपाकघरात होतो. बाबांनी ते वाक्य तिच्यामागोमाग पुटपुटलेलं मला ऐकू आलं, शब्दाला शब्द. मग अंक संपला, टाळ्या झाल्या आणि त्यांनी मला हाक मारली.

‘जरा कमी कर रे.’

तीन वर्षांत पहिल्यांदा, काका. आजवर फक्त ‘वाढव’ ऐकलं होतं. मी बटणाला हात लावला आणि तुमची आठवण आली, म्हणून हे पत्र. बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. त्यांचा उजवा हात अजून नीट उचलत नाही, पण डाव्याने तुमच्या कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी सही केली आहे. पुढच्या वेळी येईन तेव्हा दाखवतो.

आपला कृतज्ञ,
मधल्या स्पीकरवाला