फळीला करवत लावली, त्याबद्दल

घोडबंदर रस्ता, ठाणे
१८ ऑगस्ट

प्रिय विन्या,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याहून डोंबिवली किती लांब आहे हे मला ठाऊक असूनही आठ महिन्यांत मी ना आलो, ना पत्र लिहिले, याची लाज वाटते. पण आज लिहितो आहे ते लाजेपोटी नव्हे; जे करून बसलो आहे ते फोनवर बोलवत नाही आणि तुझ्यावाचून दुसऱ्या कोणाला कळणारही नाही. मी नौपाड्याच्या जुन्या घरातल्या झोपाळ्याची फळी कापली.

साखर आटोक्यात आहे, गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो, हिचे ठीक आहे.

दादाच्या चिमीचे लग्न तुळशीचे लग्न झाल्यावरच्या मुहूर्तावर धरले आहे, हे तुला वैनींकडून कळले असेलच. मला ते हिच्या फोनवर आलेल्या निरोपातून कळले. सख्ख्या काकाने आहेराचे पाकीट द्यावे आणि जेवून निघावे, हे मनाला पटेना. आजीची फणेरपेटी तुला आठवत असेल. झाकण उघडले की आतून आरसा, खाली कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि फणी यांचे खण. तशीच पेटी, पण पत्रे, फोटो, एखादा मोडका दागिना असे जपून ठेवण्यासाठी, स्वतःच्या हाताने करून चिमीला द्यावी असे मी ठरवले. सावंतवाडीच्या चितार आळीतून लाखेच्या रंगांची पेटी आणली असती तर ती अधिक देखणी आणि निश्चितपणे काटकोनी निघाली असती, असे तू म्हणशील. हीही तेच म्हणाली.

वखारीत नव्या सागाचा भाव ऐकला आणि घरी येऊन कपाटामागे उभी असलेली फळी बाहेर काढली. दीड इंच जाड, चार फूट लांब, आप्पांच्या बसण्याने मधोमध किंचित खोलगट झालेली. घर पाडायला दिले तेव्हा दादाच्या नव्या जागेत झोपाळा टांगण्याची सोय नव्हती, आणि निघताना तो म्हणाला होता, "फळी तुझ्याकडे राहू दे, पण तिला करवत लावू नकोस." त्याला सहा वर्षे झाली. त्यानंतर तो माझ्याशी बोलला तो फक्त जुन्या वीजबिलाबद्दल.

एवढी जाड फळी हातकरवतीने उभी चिरणे मला शक्य नव्हते, म्हणून वखारीतच तिच्या तीन पातळ फळ्या काढून घेतल्या. पाते आत शिरताच जुन्या सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास सुटला आणि मी 'थांबा' म्हणणार होतो, म्हणालो नाही. आतले लाकूड एकाएकी उघडे पडल्यामुळे दोन दिवसांत फळ्या कौलासारख्या वाकल्या. मग त्यांच्यामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, वर शहाबादी फरशी ठेवून मी तीन आठवडे वाट पाहिली.

कोपऱ्यांना खिळा मारायचा नाही, डोव्हटेलचेच, म्हणजे पंखाकृती दात एकमेकांत अडकवून केलेले सांधे करायचे, हा माझा हट्ट. साग पटाशीला मऊ लागतो, पण त्यात वाळूसारखे बारीक कण असतात, त्यामुळे धार बघता बघता जाते. पहिला कोपरा इतका सैल झाला की भुसा आणि फेव्हिकॉल कालवून तो भरावा लागला. हे तुला सांगतो आहे, आणखी कोणाला कळता कामा नये. हे सारे काम मी अर्ध्या इंचाच्या पटाशीने केले, कारण पाऊण इंची पटाशी तू १९८७ साली 'दोन दिवसांसाठी' नेलीस. झाकणाची फळी चौकटीत चिकटवलेली नाही, खाचेत मोकळी ठेवली आहे. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने पावसात फुगते आणि थंडीत आक्रसते, चारी बाजूंनी जखडले तर तडकते.

माझी झोप उडवली आहे ती याच झाकणाने. फळीच्या एका टोकाला लांब भेग निघाली, त्यामुळे धड तुकडा मिळाला तो दुसऱ्या टोकाचा, ज्यात साखळीच्या गजाचे भोक आहे. भोवती लोखंडाने पाडलेले काळे कडे आहे आणि रंधा कितीही फिरवला तरी ते जात नाही. त्याच कडीत दादाचे बोट चेचले होते आणि तू घाबरून थेट कोपिनेश्वराच्या देवळापर्यंत पळाला होतास. दादा ते भोक डोळे मिटून ओळखेल.

ही म्हणते, शिसवाचा गोल डट्टा ठोकून बुजवा, नक्षी वाटेल. वाटेलही. पण मग ती पेटी म्हणजे चोरीचा माल होईल आणि चिमी ती जन्मभर कौतुकाने दाखवत राहील. उघडे ठेवले, तर भर मांडवात, व्याह्यांसमोर, दादाचा चेहरा कसा होईल ते मला दिसते आहे. आधीच जाऊन सांगावे, तर तो दार उघडेल याची खात्री नाही. कधी वाटते, ही पेटी मी चिमीसाठी करतो आहे की दादाने मला निदान चार शिव्या तरी द्याव्यात म्हणून, हे माझे मलाच सांगता येणार नाही.

तुझ्या निवृत्तीचे कागद झाले का? धाकट्याला नोकरी लागल्याचे कळले, अभिनंदन. नव्या घराचे फोटो पाहिले. स्वयंपाकघर छान आहे.

दमट हवेत चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश पांढुरके पडते, म्हणून ते दसऱ्यानंतर लावणार आहे. पॉलिश चढल्यावर डट्टा बसवला तर त्याची कड उठून दिसेल, तेव्हा भोक ठेवू की बुजवू ते दसऱ्याच्या आत कळव. दादा दर रविवारी तुझ्याकडे चहाला येतो, हे मला ठाऊक आहे. पत्र त्याच्या हाती लागू देऊ नकोस. लागलेच, तर मात्र तो काय म्हणाला ते शब्दशः लिही.

आणि पटाशी पाठव.

तुझा,
बाळ्या