तक्रार : कुंपणाचे लाकडी खांब दुसऱ्याच पावसाळ्यात कुजले

दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, पुणे

विषय : गोल लाकडी खांबांच्या कुंपणाबाबत तक्रार व खांब बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

मी कोथरूडला राहते. मुळशी तालुक्यात आमची २० गुंठे जमीन आहे. मे २०२४ मध्ये तुमच्या कंपनीकडून तिला कुंपण घालून घेतलं. जवळपास ६०० फुटांना निलगिरीचे ७६ गोल खांब, प्रत्येक ७ फुटांचा, त्यातले २ फूट जमिनीत, आणि वर तारेच्या पाच ओळी. मजुरी धरून १ लाख १४ हजार रुपये मी एकरकमी भरले. बिलावर ‘ट्रीटेड राउंडवुड पोल’, म्हणजे औषध मुरवलेले गोल लाकडी खांब, असं लिहिलं आहे आणि १० वर्षांची हमीही आहे. आज ७६ पैकी ३१ खांब जमिनीलगत कुजले आहेत. त्यातले १४ तारेसकट आडवे झालेत. ऑगस्टमध्ये तिथून गुरं आत शिरली आणि आंब्याची ११ कलमं खाऊन गेली.

मी फोन केला तेव्हा तुमच्या माणसाने सांगितलं, “मॅडम, लाकूडच ते, कुजणारच. सिमेंटचे पोल घ्या, सवलत देतो.” खांब कुजल्यापेक्षाही या उत्तराचा मला जास्त राग आला. आमच्या शेजारच्या काकांच्या बांधावर खैराचे डांब आहेत. त्यांच्या वडिलांनी बुडखे भाजून, डांबर फासून ते पुरले होते, आणि ते आजही हलत नाहीत. खैराचा गाभा मुळातच टिकाऊ असतो, कोवळ्या निलगिरीचा नसतो. म्हणून तर निलगिरीला कूज आणि कीड रोखणारं औषध मुरवावं लागतं, आणि मी पैसे त्याच कामाचे दिले होते.

पडलेले दोन खांब मी गावातल्या सुताराकडून आडवे कापून घेतले. गोल खांबाचा मोठा गुण असा की मधल्या गाभ्याभोवती रसकाष्ठाचं, म्हणजे सालीखालच्या बाहेरच्या लाकडाचं, कडं सगळीकडून अखंड असतं. औषध याच कड्यात मुरतं, गाभ्यात फारसं जात नाही. लाकूड चिरलं की गाभा उघडा पडतो, गोल ठेवलं तर औषधाचं चिलखत पुरं राहतं. तांबं असलेलं औषध दाबाखाली नीट भरलेलं असेल, तर कापावर बाहेरच्या बाजूने हिरवट कडं स्पष्ट दिसतं. आमच्या खांबांत असं काही नाही. हिरवा रंग फक्त वरून लावलेला आहे आणि नखाने खरवडला की निघतो. आत लाकूड पांढरट आणि कोरं आहे. कित्येक ठिकाणी साल तशीच ठेवून तिच्यावरच रंग मारलाय. त्या सालीखाली भुंग्याची भोकं आहेत, बोट लावलं की भुसा गळतो. साल काढून लाकूड वाळवल्याशिवाय औषध आत शिरत नाही, ही या धंद्यातली पहिली पायरी आहे आणि तीच झालेली नाही.

बसवतानाही चुका झाल्या. खाली मुरूम कठीण लागला तेव्हा तुमच्या मजुरांनी खड्डा खोल न करता खांबांचे बुडखे कुऱ्हाडीने तासले. तासलेल्या टोकाला परत औषध लावायचं नाही का, असं मी त्याच दिवशी विचारलं होतं. “काही होत नाही,” असं उत्तर मिळालं. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकली नाही. सिमेंट काँक्रीट खांबाभोवती वाटीसारखं ओतलं आणि त्याची कड जमिनीच्या खालीच राहिली, त्यामुळे पावसाचं पाणी बुडाशी साचून राहिलं. माती, हवा आणि ओल जिथे एकत्र येतात तिथेच लाकूड आधी कुजतं. आमचे खांब नेमके तिथेच मोडले आहेत. यंदा पाऊस मे महिन्यातच सुरू झाला हे खरं, पण १० वर्षांची हमी मुळशीच्या पावसाचा विचार करूनच दिली असणार ना?

एका गोष्टीचं उत्तर मला तातडीने हवं आहे. तुमच्या पत्रकात हेच खांब ‘१०० टक्के नैसर्गिक, रसायनमुक्त, शाश्वत’ म्हटले आहेत आणि बिलावर ‘ट्रीटेड’. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. औषध लावलं असेल तर कोणतं? त्यात आर्सेनिक असेल तर हे लाकूड चुलीत किंवा बंबात जाता कामा नये, त्याचा धूर आणि राख दोन्ही विषारी असतात. वस्तीवरच्या बायका पडके खांब सरपणाला मागत आहेत. लेखी उत्तर येईपर्यंत मी कुणालाही एक तुकडा देणार नाही.

सिमेंटचे पोल मला नको आहेत. मी लाकूड विचार करून निवडलं होतं. निलगिरीची आणि सुरूची झाडं आपले शेतकरी बांधावर लावतात. त्यातली बारीक बल्ली न चिरता वापरली की लाकूड वाया जात नाही, तंतू न कापल्यामुळे खांबात ताकद राहते, आणि सिमेंट-सळईचा खर्च निसर्गावर पडत नाही. पण हे सगळं खांब टिकला तरच खरं. दोन वर्षांत कुजणाऱ्या खांबासाठी पुन्हा पुन्हा झाड तोडावं लागतं. तुमच्यावर विश्वास ठेवून आमच्या दोन शेजाऱ्यांनीही लाकडी कुंपण करायचं ठरवलं होतं. आता ते लोखंडी अँगल आणायला निघालेत, याचं मला फार वाईट वाटतं.

माझी मागणी अशी : सगळे ७६ खांब लाकूड टिकवण्याच्या आयएस ४०१ या भारतीय मानकानुसार दाबाखाली औषध भरलेले, प्रमाणपत्रासह बदलून द्यावेत आणि ते तळाला खडी घालून, काँक्रीटला बाहेरच्या बाजूने उतार देऊन, विनामूल्य बसवावेत. ते शक्य नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. कलमांची भरपाई वेगळी. हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत काही झालं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पर्यावरणाच्या नावाने केलेल्या फसव्या दाव्यांबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. तुम्ही तेच पत्रक आजही वाटत आहात, त्यामुळे त्याची प्रतही तिथे जोडेन.

बिल, हमीपत्र, पत्रक आणि खांबांचे फोटो सोबत जोडले आहेत. कापलेले दोन्ही तुकडे कोरड्या जागी जपून ठेवले आहेत. पाहणीसाठी जबाबदार माणूस पाठवावा, मी कोणत्याही रविवारी सकाळी जागेवर असते.

आपली,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे